‘कधीतरीच’मधला ‘च’ आणि माझे इंजिन

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा होड्यांच्या मागे लावायची इंजिने दुरुस्त करणे, राहणार धक्क्यालगतच्या पत्र्याच्या वर्कशॉपमागील दोन खोल्यांत, धक्क्यावर सगळे ज्याला ‘पाऊणराव’ म्हणतात तोच, परमेश्वराला स्मरून, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. ‘स्वखुशीने’ हा शब्द घालावाच लागतो असे वकीलबाईंनी सांगितले. तो मी जरा मोठ्या अक्षरात लिहिला आहे, कारण मी खरोखरच खूश आहे.

खुशीचे कारण असे. मंगळवारी धाकट्या भावाचे इंजिन सुरू करायची दोरी ओढता ओढता माझ्या छातीत कळ आली आणि मी धक्क्यावर बसलो. पत्नीने मला होडीत घातले आणि पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात नेले. ती तिथेच नर्स आहे. डॉक्टरांनी तारा लावल्या, कागद काढला, तो उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, “हृदय ठणठणीत आहे. खांद्याचा स्नायू दुखावलाय. दोरी ओढायचं काम दोन आठवडे दुसऱ्याला द्या.”

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला शीळ घालावीशी वाटली. मला शीळ येत नाही. तरी घातली. नुसती हवा गेली, पण काय हवा होती ती! त्याच दिवशी ठरवले की आता मृत्युपत्र लिहायचे. ज्याला मरण समोर दिसते आहे त्याने हे काम करू नये, त्याचे लक्ष नसते. ज्याला डॉक्टरांनी परत पाठवले आहे त्याचे मन मोकळे असते आणि अक्षरही बरे येते.

कलम १. ‘पाऊणराव’ या नावाबाबत.

पुढची कलमे कळण्यासाठी हे आधी सांगतो. होडीच्या इंजिनाला एक दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला मूठ. मूठ पिळली की इंजिन जोर धरते. माझे आयुष्यभराचे सांगणे एकच, की मूठ पाऊण पिळावी. पाऊण मुठीवर इंजिन गात जाते. पूर्ण पिळली की ते ओरडते, तापते, पेट्रोल पिते, प्लगची टोके पांढरी पडतात, आणि मग मालक होडी ढकलत माझ्याकडे येतो.

मी प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतो, “फुल रेस किती वेळा देता?”

आणि प्रत्येक जण सांगतो, “कधीतरीच.”

त्या ‘च’वर माझे घर चालते. खरोखर कधीतरी मूठ पिळणारा माणूस नुसते ‘कधीतरी’ म्हणतो. ‘कधीतरी, वारा उलटा असला की,’ किंवा ‘कधीतरी, मुलं ओरडली की.’ त्याला कारण आठवते. ‘कधीतरीच’ म्हणणारा मात्र रोज पिळतो, धक्का सोडला की पिळतो, आणि समोर दुसरी होडी दिसली की दात-ओठ खाऊन पिळतो. हे मला कोणी शिकवले नाही. इंजिन उघडले की आत दिसते.

मंगळवारी डॉक्टरांनी मला विचारले, “तळलेलं खाता?” मी म्हणालो, “कधीतरीच.” “जागरण?” “कधीतरीच.” “चिडता का?” “कधीतरीच.”

डॉक्टरांनी नळी गळ्यातून काढली. त्यांचीही होडी आहे आणि तिचे इंजिन माझ्याकडेच येते. ते म्हणाले, “पाऊणराव, मी इंजिन घेऊन आलो की तुम्ही मला काय विचारता?”

“फुल रेस किती वेळा देता.”

“आणि मी काय सांगतो?”

मी सांगितले. मग आम्ही दोघे इतके हसलो की बाहेर बसलेल्या पेशंटांनी पडदा सारून आत पाहिले. छातीत दुखत होते, पण हसणे आवरेना.

कलम २. राहत्या खोल्या, त्यांतील भांडी, पलंग व शिवणयंत्र, तसेच वर्कशॉपची जागा माझ्या पत्नीला मिळावी. पुढच्या दारची कडी मी गेली अनेक वर्षे ‘उद्या बसवतो’ म्हणत आहे. ती बसवण्याची जबाबदारीही, मी तोवर पार न पाडल्यास, त्याच वाटणीत धरावी.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते माझ्या मुलीला. ती प्रवासी लाँच चालवते, गणवेश घालते आणि भोंगा वाजवताना तिचा चेहरा इतका गंभीर होतो की मला धक्क्यावर उभे राहून मान खाली घालावी लागते.

कलम ४. पाने, पक्कड, हातोड्या, प्लग काढायचे यंत्र वगैरे हत्यारांबाबत. यांपैकी जी हत्यारे ‘दादा, आत्ता आणून देतो’ असे म्हणून धाकट्या भावाने नेली, ती सर्व त्यालाच दिली आहेत. ती त्याच्याच घरी असल्यामुळे हस्तांतरणाचा त्रास होणार नाही. उरलेली मुलीला. भावाने ती तिच्याकडे मागू नयेत. मागितल्यास तिने भोंगा वाजवावा.

कलम ५. पंपवाल्याबाबत.

धक्क्याच्या पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या वळणावर जो पेट्रोलपंप आहे, त्याच्या मालकाला माझ्या इस्टेटीतून काहीही मिळू नये. माझ्या दारातली तुटकी चप्पलसुद्धा नाही.

हा मनुष्य गावच्या शाळेत माझ्या बाकावर बसत असे. शीळ घालणे मला त्यानेच शिकवायला घेतले होते, शिकवणी अपुरी राहिली. पुढे तो पंपवाला झाला आणि मी इंजिनवाला. आमच्या घरच्या इंजिनाचे प्लग एकसारखे पांढरे पडू लागले तेव्हा मी त्याला चारचौघांत विचारले, “पेट्रोलमध्ये काय मिसळतोस?” तो म्हणाला, “तुझ्या डोक्यात जे भरलंय ते.” तेव्हापासून आम्ही बोलत नाही. मी डबा ठेवतो. तो डबा भरतो आणि आभाळाकडे पाहतो. मी पैसे ठेवतो आणि पाण्याकडे पाहतो. त्याचे केस पिकले हे मला फार उशिरा समजले, कारण मी पाण्याकडेच पाहत होतो.

मंगळवारी दवाखान्यातून सुटल्यावर ही बातमी पहिल्यांदा कोणाला सांगावी असे मनात आले तेव्हा त्याचाच चेहरा समोर आला. याचा मला राग आला. म्हणून हे कलम सविस्तर लिहिले आहे.

कलम ६. साक्षीदारांविषयी खुलासा.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. वकीलबाईंनी बजावले, “साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. नीट लक्षात ठेवा.” ही गोष्ट मी धाकट्या भावाजवळ बोललो आणि संध्याकाळपर्यंत ती धक्काभर झाली.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या दोरवाल्याला म्हणालो, “जरा एक सही कराल का?”

त्याच्या हातातले वेटोळे खाली पडले. “म्हणजे मला काहीच नाही? इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पाऊणराव, आणि हे असं?”

“अहो, पण तुम्हाला मी काय देणार होतो?”

“ते तुम्हाला माहीत. पण आशा तर होती!”

जाळी विणणाऱ्या मावशींनी तर मला पाहताच दोन्ही हात पदरात घेतले आणि ‘माझा अंगठा दुखतो’ असे सांगितले. मी सहीचे विचारलेही नव्हते. दोन दिवस धक्क्यावर मी जिथे जाईन तिथे लोक प्रेमाने बोलत, चहा पाजत आणि पेन दिसले की निघून जात. शेवटी डॉक्टर म्हणाले, “मी करतो. मला तुमच्याकडून बिलाशिवाय कधी काही मिळालेलं नाही.” एक साक्षीदार झाला. दुसऱ्याची जागा हे लिहिताना रिकामी आहे.

कलम ७. इंजिनाबाबत. हे या मृत्युपत्राचे मुख्य कलम असून बाकीची त्याच्यासाठी आहेत असे समजावे.

आमच्या होडीला जे इंजिन आहे ते मी लग्नाच्या वर्षी भंगारातून आणले. त्याच्यात पिस्टन होता, बाकी श्रद्धा होती. मी आणि पत्नीने रात्रंदिवस पुसून, घासून ते उभे केले. पहिल्यांदा चालू झाले तेव्हा ती टाळ्या वाजवत पाण्यात उतरली होती, गुडघ्यापर्यंत, नव्या साडीत. मुलगी त्यानंतर झाली, म्हणून ती या इंजिनाला ‘ताई’ म्हणते. ताई तिच्याआधी घरात आली ना. रोज सकाळी पत्नी ताईला घेऊन कामावर जाते, संध्याकाळी परत येते. दर रविवारी मी ताईला उघडतो, पुसतो, मनातल्या मनात देवाचे नाव घेतो आणि बंद करतो.

माझ्यामागे ताई कोणाच्या हाती जाणार, ही एकच काळजी मला होती. घर कोणीही झाडेल. पैसे कोणीही खर्च करील. पण चुकीच्या मुठीत गेली तर ताई एका हंगामात संपेल. मंगळवारी धक्क्यावर बसलो होतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तेव्हा मी देवाला, खोटे कशाला सांगू, स्वतःसाठी काही म्हणालो नाही. म्हणालो, देवा, ताईला कोणीतरी पाऊण मुठीचा माणूस दे.

म्हणून मी ठरवले की हक्क सांगणाऱ्या प्रत्येकाला माझा नेहमीचा प्रश्न विचारायचा, आणि जो खरे सांगेल त्याला ताई द्यायची. शुक्रवारी संध्याकाळी दोघांना घरी बोलावले.

भाऊ म्हणाला, “दादा, मी? फुल रेस? कधीतरीच!”

तो बाद झाला. त्याचे इंजिन मंगळवारी मीच ओढत होतो, हे त्याच्या लक्षातही नव्हते.

मुलगी म्हणाली, “कधीतरी, बाबा. परवा एका बाईंना कळा सुरू झाल्या होत्या लाँचमध्ये, तेव्हा दिली. आणि एकदा उगाच.”

“उगाच म्हणजे?”

“उगाच म्हणजे उगाच. छान वाटलं.”

‘च’ नाही, कारण आहे, आणि जिथे कारण नाही तिथे तेही सांगितले. माझे डोळे भरून आले. मी कागद पुढे ओढला आणि मोठ्याने म्हणत लिहू लागलो, “सदर इंजिन माझ्या मुलीस...” पत्नी समोर बसून वाटाणे सोलत होती. कायदेशीर काम आहे, कोणाला वगळले असे नको, म्हणून मी लिहिता लिहिता सहज विचारले, “आणि तू गं? फुल रेस किती वेळा देतेस?”

ती वर न बघता म्हणाली, “कधीतरीच.”

माझे पेन थांबले. एक वाटाणा तिच्या हातून सुटला आणि गडगडत भावाच्या पायाशी गेला. भावाने छताकडे पाहिले. मुलीने खिडकीकडे पाहिले.

“काय म्हणालीस?”

“काही नाही.”

“‘च’ लावलास तू.”

“अहो, लागला असेल.”

“लागत नाही तो! कोणाला असा उगाच लागत नाही! किती वेळा?”

तिने शेंगांची परात बाजूला ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, “रोज. जाताना नाही, जाताना पाऊणच. येताना.”

“रोज?”

“पलीकडून निघाले की पिळते ती वळणापर्यंत. वळणाशी आले की सोडते, म्हणजे तुम्हाला आवाज पाऊणचा येतो.”

“पण का?”

“का काय? तुम्ही संध्याकाळी भात चुलीवर ठेवता आणि वर्कशॉपमध्ये जाऊन बसता. मी पाऊण मुठीने आले असते तर इतकी वर्षं कोळसा खाल्ला असता आपण.” मग अगदी मुलीसारखी म्हणाली, “आणि मजा येते हो.”

भाऊ पोट धरून हसायला लागला. “दादा, तुला खरंच माहीत नव्हतं? अख्ख्या धक्क्याला माहीत आहे! वहिनी वळणापर्यंत आली की लोक घड्याळं लावतात!”

मी रविवारच्या रविवार पांढरे पडलेले प्लग हातात धरून जगातल्या पेट्रोलविषयी विचार करत बसलेला मनुष्य. मला आधी राग आला. तो ओठांपर्यंत येईपर्यंत त्याचे हसू झाले. मी इतका हसलो की खांदा पुन्हा दुखावला, आणि पत्नीने, नर्सच ती, हसत हसतच मला मलम चोळले.

मग ती म्हणाली, “आता त्या बिचाऱ्याशी बोला.”

“कोणाशी?”

“कोणाशी काय! ज्याला तुटकी चप्पलसुद्धा द्यायची नाहीये त्याच्याशी.”

“ते कलम लिहून झालंय. मृत्युपत्रात खाडाखोड चालत नाही.”

“मग खोडू नका. बोला फक्त.”

कलम ८. पुरवणी. ही आज शनिवारी लिहिली आहे.

सकाळी मी पंपावर गेलो. डबा नेला नव्हता. त्यामुळे कुठे पाहायचे हे दोघांनाही सुचेना आणि आम्ही चुकून एकमेकांकडे पाहिले.

मी म्हणालो, “तुझं पेट्रोल चांगलं आहे.”

तो म्हणाला, “माहीत आहे मला.”

“ती रोज फुल रेस देत होती.”

“तेही माहीत आहे. समोरूनच जाते ना. मी रोज शीळ घालतो, ती हात करते.”

“मग गाढवा, सांगितलं का नाहीस मला?”

“तू बोलत होतास कुठे माझ्याशी?”

त्याच्यापाशी दुसरी खुर्ची होती, ती त्याने पुढे सरकवली.

संध्याकाळी पत्नीला आणायला मी भावाच्या होडीतून पलीकडे गेलो. तिने मला ताईच्या पुढच्या फळीवर बसवले आणि म्हणाली, “आयुष्यभर लोकांना नको नको म्हणालात. फुल म्हणजे काय ते एकदा बघा तरी.” खरे आहे. मी मूठ पूर्ण पिळली आहे ती वर्कशॉपातल्या पाण्याच्या पिंपात, इंजिन तपासायला. पिंप कुठेही जात नाही.

डॉक्टर दवाखाना बंद करून सहीसाठी त्यांच्या होडीत बसले होते. त्यांनी ओरडून विचारले, “शर्यत लावायची का?” पत्नी म्हणाली, “या मागून!” आणि मूठ पिळली.

त्याचे वर्णन मृत्युपत्रात बसणारे नाही. होडीचे नाक वर झाले आणि त्याच्यावर मी होतो. पाणी दोन्ही बाजूंनी फाटत गेले. माझी टोपी गेली. ती ज्याला सापडेल त्याला मी या कलमान्वये दिली आहे. ताई ओरडेल असे मला वाटले होते. ती ओरडत होतीही, पण ओरडणे आणि ओरडणे यांत फरक असतो. मुलगी पहिल्यांदा झोपाळ्यावर बसली तेव्हा अशीच ओरडली होती आणि मी तिला उतरवले नव्हते.

“अजून आहे का?” मी मागे वळून विचारले.

“आहे की!”

“मग दे!”

तिने दिली. मला सवयीने वाटेत देवाकडे काहीतरी मागायचे असते, ‘सांभाळ रे बाबा’ वगैरे. वळण आले आणि लक्षात आले की मी काहीच मागितले नाही. मागायचे राहून गेले. आज त्यालाही सुट्टी मिळाली असेल.

वळणावर पंपवाला दोन बोटे तोंडात घालून उभा होता. त्याने अशी शीळ घातली की ती ताईच्या आवाजातूनही ऐकू आली. वळणाशी पत्नीने सवयीने मूठ सैल केली. मी म्हणालो, “कोणासाठी सोडतेस? मी इथेच आहे.” तिने पुन्हा पिळली. भात मी आज ठेवलाच नव्हता.

सबब, कलम ७ अपुरे राहिले होते ते येथे पूर्ण करतो. ताई हे इंजिन, होडीसह, माझ्या पत्नीला मिळावे. तिने ते येताना वळणापर्यंत, आणि वाटल्यास वळणानंतरही, रोज पूर्ण मुठीने चालवावे. कोणी विचारल्यास ‘रोज’ असे सांगावे. मी हयात असेपर्यंत प्लग मी बदलीन आणि तक्रार करणार नाही, केली तर कधीतरी. तिच्यामागे ताई मुलीला मिळावी, जिने ‘च’ लावला नाही. मी देवाकडे पाऊण मुठीचा माणूस मागितला होता. त्याने पूर्ण मुठीचा दिला, आणि तोही फार आधीच दिलेला होता.

कलम ५ मी खोडलेले नाही. पंपवाल्याला माझ्याकडून काहीही मिळू नये हे कायम आहे आणि त्याची तजवीज कायद्याने होईल अशी व्यवस्था मी खाली केली आहे.

वर लिहिलेले सर्व मी वाचले, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले, आणि त्यांच्यासमोर सही करत आहे. अक्षर हलले आहे ते भीतीने किंवा आजाराने नव्हे. होडीतून उतरून फार वेळ झालेला नाही.

ठिकाण : धक्का, ताईला बांधले आहे तो खांब
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२४, शनिवार, दिवे लागायच्या आधी

सही : (पाऊणराव)

साक्षीदार पहिला, डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्याला मी तपासले. केस उभे, नाडी जलद, हसू थांबत नाही. तरीही तो पूर्ण शुद्धीवर आहे असे माझे मत आहे. मी मागून येत होतो व हरलो. सही.

साक्षीदार दुसरा, पंपवाला. साक्षीदाराला काही मिळत नाही हे मला समजावून सांगितले. समजले. मला काहीही मिळालेले नाही याबद्दल आनंदाने सही करतो. पेट्रोल पहिल्यापासून शुद्ध होते, हेही नोंदवून घ्यावे. सही.